संकल्पचित्राचा पेपर

दिवाळी अंकांत कथा-कादंबऱ्यांची समीक्षा येते, नाटकांची येते, क्वचित चित्रप्रदर्शनांचीही येते. शाळेतल्या एखाद्या पेपरची समीक्षा कोणी केल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही. यंदा संपादकांनी लेख मागितला तेव्हा नेहमीप्रमाणे एखाद्या कवितासंग्रहावर लिहावे असेच आधी मनात आले. एम. ए. मराठी विषयात केलेले, त्यामुळे सवयीचा रस्ता तोच. पण गेल्या उन्हाळ्यात सुरतेला एक प्रसंग असा घडला की, गेली पंचवीस-सव्वीस वर्षे आपण वर्गात जे शिकवीत आलो त्याचाच हिशेब आधी मांडावा, असे वाटू लागले. म्हणून हा लेख ‘संकल्पचित्र’ या पेपरवर.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी हा पेपर दिलेला असतो. महाराष्ट्रात कला संचालनालयामार्फत शासकीय रेखाकला परीक्षा होतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तू समोर ठेवून काढायचे चित्र, स्मरणचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांच्या जोडीला त्यात संकल्पचित्राचा पेपर असतो. एखादा चौकोन, वर्तुळ किंवा त्रिकोण दिलेला असतो; त्यात पाने-फुले, पक्षी वा भौमितिक आकार योजून, सांगितलेल्या रंगसंगतीत नक्षी करायची. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही या परीक्षेकडे अलीकडे लक्ष देऊ लागले आहेत.

शब्द किती चांगला आहे पाहा. पूजेला बसताना आपण संकल्प सोडतो. काय करायचे आणि कशासाठी करायचे हे आधी मनाशी ठरवायचे, मग हात चालवायचा. इंग्रजीतल्या ‘डिझाइन’ या शब्दाला याहून नेमका मराठी शब्द मला तरी सुचत नाही. आपल्या सीमेपलीकडे गुजरातीत नक्षीला ‘भात’ म्हणतात. आमच्या भागातली मुले हे ऐकून हसतात, कारण त्यांचा भात ताटात असतो. पण या गमतीत थोडा अर्थ आहे, त्याकडे पुढे येतो.

आता शब्द बाजूला ठेवून प्रत्यक्ष पेपर पाहू. बहुतेक शाळांत या पेपरची तयारी कशी होते? नमुन्यांचे एक पुस्तक असते. त्यात कमळ, हंस, मोर, वेलबुट्टी, सगळे तयार. मुलाने एका पानावरचे कमळ घ्यायचे, दुसऱ्या पानावरचा हंस घ्यायचा, ते चौकोनाच्या चार कोपऱ्यांत उलटसुलट बसवायचे, आणि रंग बाहेर जाऊ न देता भरायचे. असे चार नमुने पाठ केले की पेपर सुटतो. यात संकल्प कुठे आहे? जे ठरवायचे ते पुस्तक छापणाऱ्याने ठरवलेले असते. मुलाकडे उरते ते फक्त उचलणे आणि भरणे.

हे मी दुसऱ्यांवर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः हेच शिकवले.

१९९८ साल. १ जुलैला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेत तेव्हा चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक नव्हता. मी नवा, तरुण, फळ्यावर अक्षर बरे काढणारा. म्हणून रेखाकलेचे वर्ग माझ्याकडे आले. आठवीत एक मुलगा होता. वडील सुरतेला लूमच्या कारखान्यात, आई आणि मुले गावी. आपल्याकडे अशी घरे किती आहेत हे सांगायला नको. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली ही नावे आमच्या मुलांना तालुक्याच्या गावांइतकीच परिचयाची असतात, आणि सुरत-भुसावळ गाडीचे वेळापत्रक घरोघरी पाठ असते.

सरावासाठी मी चौकोनात संकल्पचित्र काढायला सांगितले होते. या मुलाने कागदावर फूल नाही, पक्षी नाही, नुसते ठिपके काढून आणले. ओळीने ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ, मध्येच एक ओळ रिकामी. रंग दोनच, निळा आणि विटकरी. मी विचारले, “हे काय?” तो म्हणाला, “सर, कार्ड आहे.” वडिलांनी सुरतेहून जॅकार्डची टाकाऊ कार्डे आणली होती. त्यातले एक कागदावर ठेवून, रंगात बुडवलेल्या चिंधीने त्याने ती भोके टिपून घेतली होती. मग कार्ड अर्धे सरकवून दुसऱ्या रंगाने पुन्हा टिपली होती. मी म्हणालो, “भोकांची कुठे नक्षी असते का? परीक्षक नापास करतील.” आणि कमळ-हंसाचे पान उघडून दिले. मुलगा आज्ञाधारक होता. त्याने ते पान इतके घटवले की एलिमेंटरीला त्याला ‘ब’ श्रेणी मिळाली. मी त्याचे वर्गात कौतुकही केले.

हाच मुलगा गेल्या उन्हाळ्यात मला सुरतेत भेटला. एका लग्नाला गेलो होतो. मांडवात पाया पडला आणि आग्रहाने त्याच्या कामाच्या ठिकाणी घेऊन गेला. आता चाळिशीचा आहे. लिंबायतच्या बाजूला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर साड्यांची नक्षी करून देणारा स्टुडिओ आहे, तिथे तो डिझायनर आहे. पाच-सहा संगणक, भिंतीला लागून कापडाचे तुकडे, पंख्याचा आवाज. सुरतेत पूर्वी हे काम फिल्मवर शाईने ट्रेसिंग करून चाले, एकेका रंगाची एकेक फिल्म आणि तिची स्क्रीन. आता बरेचसे काम पडद्यावरच होते. बुट्टा, बॉर्डर, पल्लू, मग सात-आठ रंगांची मॅचिंग. त्याच्या हाताचा वेग पाहून मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

आम्ही बसलो असतानाच एक व्यापारी आला. त्याने मोबाइलवर एका साडीचे चित्र दाखवले आणि म्हणाला, “भाई, आ चाले छे. थोडो फेर करी आप.” ही चालते आहे, थोडा फरक करून दे. अर्ध्या तासात फरक झाला. पान जरा मोठे, वेल उलट्या दिशेने, जांभळ्याच्या जागी शेवाळी. व्यापारी समाधानाने गेला.

मी काही बोललो नाही. पण चेहऱ्यावर दिसले असावे. तो म्हणाला, “सर, रागावू नका. पण हे मला तुम्हीच शिकवलंत. कमळ इथनं घे, हंस तिथनं घे, चौकोनात बसव. तेच मी आजही करतो. त्यावर घर झालं, दोन मुलं शिकतायत. माझी तक्रार नाही. पण मागच्या वर्षी मालक म्हणाले, एकदा तुझं स्वतःचं काहीतरी काढ, तुला वाटेल ते. सर, तीन दिवस बसलो. काही सुचलं नाही.”

आणि त्याने खणातून एक पुठ्ठ्याचे कार्ड काढून माझ्यासमोर ठेवले. कडा झिजलेल्या, भोकांच्या रांगा तशाच. वडील वारल्यावर गावच्या घरात सापडले म्हणाला.

परतताना गाडीत मला झोप लागली नाही. नवापूरचे स्टेशन आले. अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात असलेले हे स्टेशन ओलांडताना एरवी मी सोबतच्यांना कौतुकाने ते दाखवतो. त्या दिवशी डोक्यात एकच होते : त्या आठवीतल्या मुलाने जे केले होते तेच खरे संकल्पचित्र होते, आणि मी त्याला ते सोडायला लावले.

असे का म्हणतो, ते जरा तपशिलाने सांगायला हवे. जोसेफ जॅकार्ड या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास जे यंत्र पुढे आणले त्याचे मर्म या कार्डांत आहे. कार्डावर जिथे भोक असेल तिथला हूक वर जातो आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. मधून बाणा जातो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक ओळ. म्हणजे नक्षीकाराने आधी फूल काढले तरी शेवटी त्याला चौकटीच्या कागदावर एकेका घरापाशी ठरवावे लागते : इथे उचल की नाही? आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमुळे पुठ्ठ्याची कार्डे मागे पडली, तरी प्रश्न तोच आहे. आपल्या आया-बहिणी दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात, तिथेही थोड्या फरकाने हाच प्रश्न असतो. नऊ ते एक ठिपके दिले. आता कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा आणि कोणता मोकळा सोडायचा? त्या मुलाच्या घरात वडिलांचे कार्ड होते आणि दारात आईची रांगोळी होती. दोन्हींतून त्याच्या हाती एक गोष्ट आली होती : ठिपका असणे-नसणे यातून नक्षी होते, आणि तेच कार्ड अर्धे सरकवले की नवीनच काही दिसते. हा शोध त्याचा स्वतःचा होता. माझ्या पुस्तकात तो नव्हता, म्हणून मला तो दिसला नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नक्कल केल्याशिवाय कोण शिकले? गाणारा गुरूची तान घोटतो, आपण सगळे कित्ता गिरवूनच लिहायला शिकलो. मग चित्रात नक्कल वाईट कशी? याचे उत्तर मला आपल्या खानदेशच्या उशालाच असलेल्या अजिंठ्यात सापडते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. लेण्यांतला अंधार, पोपडे धरलेल्या भिंती, आणि पुन्हा पुन्हा तेच बघणे. त्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. प्रतिकृती जळाल्या तरी त्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांनी जे कमावले ते काही जळाले नाही. मूळ वस्तूसमोर बसून, ती अशी का वळली आहे हे विचारीत केलेली नक्कल म्हणजे अभ्यास. ‘आ चाले छे’ म्हणून तयार परिणाम घेणे ही उचल. अभ्यासात डोळा तयार होतो. उचलीत फक्त हात चालतो. आमच्या शाळांनी अभ्यासाचे नाव घेऊन उचल शिकवली, हा माझा आरोप आहे आणि आरोपींत मी पहिला.

कायद्याचेही एक सांगून टाकतो. २००० च्या डिझाइन कायद्याने नव्या नक्षीची नोंदणी करता येते आणि ती दहा वर्षे, पुढे आणखी पाच वर्षे, राखता येते. बाजारात मात्र एखादी साडी चालली तर हंगामभर, आणि तोवर ‘थोडा फेर’ झालेला असतो. ज्याच्या रोजीरोटीचा प्रश्न आहे त्या मुलाला मी दोष देणार नाही. सुरतेने आपल्या लाखो माणसांना पोसले आहे. येवल्याच्या पैठणीला लागणारी जरदेखील सुरतेहून येत आली आहे. तेव्हा सुरतेला नुसते नकलेचे गाव म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. माझा प्रश्न शाळेला आहे.

निघताना त्या विद्यार्थ्याने आमच्या हिच्यासाठी एक साडी दिली. वारली चित्रांची छपाई असलेली. हिला आवडली, तीनदा नेसली. पण समीक्षकाच्या खोडीमुळे मी ती एकदा पलंगावर पसरून पाहिली. वारली चित्रातला तारप्याचा नाच आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तारपा वाजवणारा मध्ये आणि हातात हात गुंफून त्याच्याभोवती गोल फिरत गेलेली माणसे. साडीवर तो नाच ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत होता, आणि जिथे छपाईचा एक रिपीट संपून दुसरा सुरू होतो तिथे नाचणाऱ्यांची साखळी तुटत होती. एका ओळीत तर तारपावालाच अर्धा कापला गेला होता. ज्याच्या तालावर सगळे फिरतात तोच नाही, आणि माणसे नाचताहेत! ज्याने हे जुळवले त्याने आकार उचलले. त्रिकोणाची माणसे बरोबर होती. नाच कशाभोवती आहे हे मात्र त्याने पाहिले नव्हते.

मूळ वारली चित्र कुठून येते? लग्नघरात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. चौकात पालघाट देवी असते. तांदळाच्या पिठाचा रंग आणि काडीचा कुंचला. गुजरातीतली भात म्हणजे नक्षी, आणि इथे ती भाताचीच असते! १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकाराने डहाणू परिसरातल्या पाड्यांवर कागद आणि रंग नेले. गंजाडच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा मशे त्यातून पुढे आले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या लहानपणाची हकीगत अनेकांनी सांगितली आहे. आई गेल्यावर हे पोर बोलेनासे झाले आणि मातीत रेघा काढून आपले म्हणणे सांगू लागले. ज्याला बोलता येत नाही त्याला काढलेली रेघ समोरच्याला कळणे गरजेचे असते. त्याची पहिली प्रेरणा ‘सुंदर काढावे’ ही नव्हती. सांगायचे होते ही होती. म्हणून त्यांच्या चित्रात एकही माणूस नुसता जागा भरायला आलेला दिसत नाही. कोणी जाळे ओढतो आहे, कोणी कांडतो आहे, कोणी ताडावर चढतो आहे.

जिव्या मशे साधारण १९३४ चे. त्याच साली सीमेच्या पलीकडे वालोड या गावी हकू शाह जन्मले. वालोड तेव्हा सुरत जिल्ह्यात होते. २००७ पासून तापी जिल्ह्यात आहे. आपल्या नवापूरहून फार लांब नाही. ते बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकले. त्या काळी तिथे आपले ना. श्री. बेंद्रे शिकवीत होते. असा शिकलेला चित्रकार पुढे मुंबई-दिल्लीच्या गॅलऱ्यांकडेच पाहत बसला असता तर नवल नव्हते. हकू शाह काही वर्षे दक्षिण गुजरातमधल्या गांधी आश्रमात मुलांना शिकवीत राहिले, आणि आपल्या लहानपणापासून आसपास असलेल्या वस्तूंकडे त्यांनी नव्याने पाहिले. त्यांत आदिवासी नवसाला वाहतात ते मातीचे घोडे होते.

आमच्या बाजूलाही गावित, मावची, कोकणी वस्त्यांत देवस्थानांपाशी असे घोडे आपण पाहिले असतील आणि पाहून पुढे गेलो असू. हकू शाह थांबले. कुंभार घोडा कसा करतो? तो दगडातून घोडा कोरीत नाही. चाकावर जसे मडके काढतो तसेच पोकळ भाग काढून ते जोडतो. धड म्हणजे आडवे मडकेच, पाय म्हणजे नळकांडी. म्हणजे घोड्याचे रूप कुंभाराच्या हाताच्या सवयीतून, मातीच्या जातीतून आणि भट्टीच्या आचेतून ठरते. आणि तो नवसाचा असल्यामुळे त्याला खऱ्या घोड्यासारखे दिसण्याची गरजच नसते. या अभ्यासातून १९८५ मध्ये गुजरातच्या नवसाच्या मृत्तिकाशिल्पांवरचे त्यांचे पुस्तक आले. त्याआधी १९६८ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात स्टेला क्रामरिश यांनी भारतातल्या आदिवासी व ग्रामीण कलेचे जे मोठे प्रदर्शन भरवले, त्यात हकू शाह त्यांचे सहकारी होते. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातले आदिवासी संग्रहालय त्यांनीच उभे केले. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते निवर्तले.

मला या दोघांत एक सारखेपणा दिसतो. दोघांचीही प्रेरणा घराजवळची होती. तिच्यापाशी ते परत परत गेले, आणि ती कशासाठी आहे हे त्यांनी कधी सोडले नाही. माझ्या विद्यार्थ्याचीही प्रेरणा घराजवळचीच होती. फरक एवढाच की त्याच्या वाटेवर एक मास्तर उभा होता.

मग शाळेने करायचे काय? यावर एक जुना दस्तऐवज उपयोगी पडतो. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर पती-पत्नी इथे फिरले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त गौरव कशाचा केला असेल? आपल्या लोट्याचा, म्हणजे तांब्याचा. आणि नुसता गौरव नाही. तांब्या नव्याने करायचा झाला तर काय काय विचारावे लागेल याची त्यांनी लांबलचक यादी दिली. पाणी किती मावावे, डोक्यावर-कमरेवर कसा राहील, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा, हाताला कसा लागेल, घासायला कसा, किंमत किती, फुटका विकला तर काय येईल, वाजवला तर आवाज कसा. हे वाचले तेव्हा मला वाटले, संकल्पचित्राचा अभ्यास असाच सुरू व्हायला हवा.

हा अहवाल सरकारी इंग्रजीत नाही, चांगल्या गद्यात आहे. पण माझा त्यावर एक आक्षेपही आहे. तांब्या कोणी एकाने घडवला नाही, पिढ्यांनी घडवला, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खरे असले तरी ‘पिढ्या’ म्हटले की तांबट आळीतला ठोके मारणारा माणूस दिसेनासा होतो. आपल्या मुलांना तो माणूसही दिसला पाहिजे, कारण अनेकदा तो त्यांचाच बाप असतो.

याच दिशेने आपल्या सीमाभागात फार पूर्वी काम झालेले आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी बालवाड्या उभ्या केल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, पाने, काड्या यांचीच साधने त्यांनी केली. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांतून मिळालेला हा वारसा आपण बालवाडीतच सोडून दिला आणि आठवीत नमुन्यांचे पुस्तक हाती घेतले.

जूनपासून मी आठवीला पुन्हा एक तास घेतो. मुख्याध्यापकाला तेवढी सवड काढता येते. पहिल्या महिन्यात चित्र काढायचेच नाही. घरातली एक वस्तू निवडायची आणि तिला तांब्याचे प्रश्न विचारून उत्तरे लिहायची. एका मुलीने आईचे सूप निवडले आणि लिहिले की ते एका बाजूने उघडे आहे कारण धान्य ठेवायचे नसते, पाखडायचे असते. मराठीच्या निबंधात इतके नेमके वाक्य मी क्वचित वाचले आहे. दुसरा अभ्यास रांगोळीचा : सात ओळी, सात ठिपके, फक्त सरळ रेषा, आणि शेजाऱ्यासारखी नक्षी चालणार नाही. तिसरा रिपीटचा : बटाटा कापून ठसा करायचा, दोनच रंग, आणि एका ठशाची कड दुसऱ्याला कुठे मिळते हे दाखवायचे. सांधा जिथे दिसतो तिथेच शिकायचे असते. चौथा स्मरणाचा : घरातला माणूस हाताने जे काम करतो त्यातला एक आकार आठवून काढायचा. ट्रकचे बोल्ट आले, भाकरीवरचे बोटांचे ठसे आले, एकाने केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या काढल्या. तीसपैकी दहा-बारा मुलांचे काम चांगले झाले. बाकीच्यांनी शेवटी कमळच काढले. त्यांना मी रागावलो नाही. फक्त विचारले, हे कमळ तू कुठे पाहिलेस?

दोन पालक येऊन गेले. “सर, श्रेणी जाईल ना हो?” म्हणाले. त्यांची काळजी खोटी नाही. परीक्षकासमोर शेकडो कागद असतात, ओळखीचे कमळ त्याला पटकन कळते. मी त्यांना सांगितले की परीक्षेआधी महिनाभर नमुन्याचा सरावही करून घेईन. ही तडजोड आहे. श्रेणीचा धोका मुलांच्या नावावर आणि प्रयोगाचे समाधान माझ्या नावावर, असे मला करायचे नाही. पण पेपर काढणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रश्नात ‘पाने-फुले योजून’ असे लिहिता, त्याऐवजी एखाद वर्षी ‘आपल्या घरातील कामाच्या वस्तूवरून’ असे लिहून पाहा. एवढ्या एका ओळीने नमुन्यांची पुस्तके कोपऱ्यात जातील आणि शिक्षकांना मुलांच्या घरांकडे पाहावे लागेल.

ऑगस्टमध्ये मी त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले. १९९८ साली मी चुकलो, असे सरळ लिहिले. गुरुजनांनी असे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. लिहिताना हात अडखळला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. पत्राचा विषय त्याने काढला नाही. म्हणाला, “सर, दिवाळीला गावी येतोय. तुमच्या आठवीच्या वर्गाला चालणार असेल तर कार्डं घेऊन येतो. भंगारवाल्याकडे अजून पोतंभर मिळतात.”

मी होकार दिला आहे. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तो वर्ग घेणार आहे. मी मागच्या बाकावर बसेन. चिंध्या आणि रंग मुले आणणार आहेत. निळा आणि विटकरी मी आणतो म्हटले आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी या वर्षी कोणी एलिमेंटरीला बसणार असेल त्यांनी या दिवाळीत एवढे करावे. रांगोळीचे छापील पुस्तक एक दिवस मिटून ठेवावे आणि मुलाच्या हाती नुसते ठिपके द्यावेत. वाकडे येईल. येऊ द्यावे.